कान, कळ आणि ध्वनी : दृष्टिहीनांच्या ध्वनिसंपादनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ध्वनिसंपादन म्हणजे मुद्रित ध्वनीतील नको असलेला भाग काढणे, हवा असलेला भाग योग्य जागी जोडणे आणि एकूण ध्वनीची पातळी एकसारखी राखणे. या व्याख्येत डोळ्यांचा उल्लेख कोठेही येत नाही. तरीही आज संगणकावर ध्वनिसंपादन करणाऱ्या व्यक्तीचे चित्र मनापुढे आणले, तर ती पडद्यावरील तरंगाकृतीकडे टक लावून बसलेली आणि माउसने तिचा एखादा तुकडा अधोरेखित करीत असलेली दिसते. जे काम मूलतः ऐकण्याचे, ते पाहण्याचे केव्हा व कसे झाले, आणि ज्यांना पाहता येत नाही त्यांनी कळफलक व स्क्रीन रीडर यांच्या साहाय्याने ते पुन्हा ऐकण्याचे कसे करून घेतले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात यंत्राच्या जन्माला जेवढे स्थान मिळते, तेवढे त्याच्या वापरातून वगळल्या गेलेल्यांना मिळत नाही. नव्या यंत्राने जुने यंत्र मागे सारले की त्यास प्रगती म्हणण्याची रीत आहे. ध्वनिसंपादनाच्या बाबतीत मात्र एका प्रगतीने एका समूहाच्या हातातील चालू काम काढून घेतले होते, ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

तबकडीवरील पुस्तक

थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले. त्यांत अंधांना विनासायास ऐकता येतील अशा पुस्तकांचा समावेश होता. ही कल्पना प्रत्यक्षात येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, कारण त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपत असे. एखादी कादंबरी अशा तबकड्यांवर उतरवायची, तर तबकड्यांचा ढीग लागला असता.

अमेरिकेत १९३१ च्या प्रॅट-स्मूट कायद्याने प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी सरकारी निधीची तरतूद झाली. १९३४ पासून मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या, एका बाजूवर सुमारे १५ मिनिटांचे वाचन सामावणाऱ्या तबकड्यांवर बोलकी पुस्तके निघू लागली. ब्रिटनमध्ये हे कार्य १९३५ मध्ये सुरू झाले. ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी तेथील पहिल्या बोलक्या पुस्तकांपैकी एक होती. दीर्घकाळ वाजणारी तबकडी सर्वसामान्य संगीतप्रेमींच्या बाजारात १९४८ मध्ये आली. अंध वाचकांच्या घरी ती त्यापूर्वी १४ वर्षे पोहोचली होती. अपंगांसाठीचे तंत्र हे नेहमी सर्वसामान्यांच्या तंत्राचे उशिरा आलेले रूप असते, हा समज या एका उदाहरणानेही डळमळतो.

मात्र या व्यवस्थेत अंध व्यक्तीचे स्थान श्रोत्याचे होते. वाचणारा डोळस, मुद्रण करणारा डोळस, आणि तबकडीवर थेट कोरल्या जाणाऱ्या ध्वनीत दुरुस्तीस वाव जवळजवळ नव्हता. वाचक अडखळला तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागे. संपादन ही स्वतंत्र क्रिया म्हणून अस्तित्वात यायची, तर ध्वनी कापता येईल अशा वस्तूवर उतरणे आवश्यक होते.

ब्लेड आणि रीळ

ती वस्तू म्हणजे चुंबकीय फीत. जर्मनीतील एईजी या कंपनीने १९३५ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले आणि १९४८ पासून ॲम्पेक्स कंपनीच्या यंत्रांमुळे नभोवाणी केंद्रांत रुळले. आकाशवाणीच्या केंद्रांवरही पुढे दीर्घकाळ फितींची रिळे हेच ध्वनिमुद्रणाचे माध्यम होते.

या फितीचे संपादन कसे होत असे, हे तपशिलात पाहणे येथे उपयुक्त ठरेल. संपादक दोन्ही रिळे हातांनी हळूहळू पुढे-मागे फिरवी. फीत वाचनशीर्षावरून सरकताना शब्द लांबट, घोगरा होऊन ऐकू येई. शब्दाचा आरंभ नेमका शीर्षावर आला की तेथे मेणाच्या पेन्सिलीने खूण केली जाई. मग फीत खाचेच्या ठोकळ्यात बसवून ब्लेडने तिरपा छेद घ्यायचा, दुसऱ्या टोकालाही तसाच छेद द्यायचा आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडायची. पाव इंच रुंदीची ही फीत नभोवाणीच्या कामात बहुधा सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावे. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा शब्द फितीवर साडेनऊ सेंटिमीटर लांब असे, तर ५० मिलिसेकंदांचे एखादे व्यंजन जेमतेम एक सेंटिमीटर. दुप्पट वेगाच्या मुद्रणात ही लांबी दोन सेंटिमीटरच्या जवळ जाई. काळ हा येथे बोटांनी मोजण्याजोगा पदार्थ झाला होता.

या संपूर्ण क्रियेत दृष्टीची गरज पेन्सिलीच्या खुणेपुरती होती, आणि तीही अपरिहार्य नव्हती. शीर्षापाशी फीत चिमटीत पकडून ती तशीच ठोकळ्यावर आणता येते. ठोकळ्याची खाच व छेदाची तिरपी फट बोटांना कळते. त्यामुळे नभोवाणी आणि ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेक दृष्टिहीनांनी हे कौशल्य आत्मसात केले. डोळस संपादकही नेमकी जागा शोधताना डोळे मिटून घेत असे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कॅसेटच्या काळात आणखी एक युक्ती प्रचारात आली. अमेरिकेतील बोलक्या पुस्तकांच्या कॅसेट नेहमीच्या निम्म्या वेगाने व चार स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रित होत. त्यामुळे ९० मिनिटांच्या कॅसेटवर सहा तासांचे वाचन मावे. एवढ्या लांब मुद्रणात प्रकरण शोधायचे कसे? त्यासाठी प्रकरणाच्या आरंभी एक खालच्या पट्टीतला सूर मुद्रित केला जाई. सामान्य वेगात तो फारसा जाणवत नसे. फीत वेगाने पुढे पळविताना मात्र तो ‘टीप्’ असा स्पष्ट ऐकू येई. ध्वनीतच ठेवलेली ही खूण संगणकीय संपादनातील ‘लेबल’ या सोयीची पूर्वज मानावयास हरकत नाही.

पडद्यावर आलेला ध्वनी

१९८० च्या दशकात ध्वनी संगणकात आला. डिजिडिझाइन या अमेरिकी कंपनीची साउंड टूल्स ही प्रणाली १९८९ मध्ये व प्रो टूल्स १९९१ मध्ये बाजारात आली. विस्कॉन्सिन राज्यातील सॉनिक फाउंड्री या कंपनीचे साउंड फोर्ज आणि १९९३ मधील गोल्डवेव्ह या आज्ञावलींनी विंडोज वापरणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या टेबलावर ध्वनिसंपादन आणले. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन त्यांची साठवण होऊ लागली आणि त्या नमुन्यांचा आलेख पडद्यावर तरंगाकृती म्हणून उमटू लागला. ब्लेडची जागा माउसने घेतली.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. फितीवरचा छेद पुन्हा जोडता येत असे, पण तो झालाच नव्हता असे करता येत नसे. संगणकावर चूक मागे घेता येते. या संदर्भात एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ‘कापणे’ आणि ‘चिकटविणे’ या संगणकीय क्रिया झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास घडविल्या. त्यांच्यापुढे उदाहरण होते ते हस्तलिखिताची कात्रणे कापून चिकटविणाऱ्या संपादकांचे. फीत कापणाऱ्या ध्वनिसंपादकाला हीच शब्दयोजना आपल्या घरची वाटावी, इतकी ती त्याच्या कामाशी जुळणारी होती.

तरंगाकृतीविषयी एक गैरसमज मात्र रूढ झाला. ती ध्वनीचे चित्र आहे असे मानले जाते. वास्तविक ती ध्वनीच्या कमी-अधिक दाबाचा आलेख आहे. कोठे शांतता आहे, कोठे आवाज वाढला आहे, हे तीवरून समजते. तेथे ‘पाणी’ हा शब्द आहे की ‘वाणी’, हे ती सांगत नाही. म्हणजे डोळस संपादकालाही अखेरीस ऐकावेच लागते. तरंगाकृतीने त्याला जागा लवकर सापडते, एवढेच. असे असूनही आज्ञावलींची संपूर्ण रचना या आकृतीभोवती झाली आणि जे काम चिमटीत पकडून होत होते ते अंध व्यक्तीच्या हातातून सुटले.

बोलणारा पडदा

स्क्रीन रीडर, अर्थात पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली, याच सुमारास वेगळ्या मार्गाने विकसित होत होती. डॉसच्या काळातील पडदा ८० स्तंभ व २५ ओळींच्या अक्षरांचा होता. ती अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच असत. ती उचलून वाचायंत्राकडे पाठविणे तुलनेने सोपे होते. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी तयार केलेला स्क्रीन रीडर १९८६ मध्ये बाहेर पडला. मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मधील अपघातात गेली. पुढे त्यांनी हेंटर-जॉइस ही कंपनी स्थापून १९८९ मध्ये जॉज हा स्क्रीन रीडर आणला.

चित्रमय पडदा आल्यावर हे गणित बिघडले. मॅकिंटॉश व विंडोज यांच्या पडद्यावर अक्षर हे अक्षर राहिले नाही, ते ठिपक्यांचे चित्र झाले. यावर उपाय म्हणून आज्ञावलीने पडद्यावर काय काढले याची नोंद चित्र उमटण्यापूर्वीच पकडून एक अदृश्य प्रतिरूप तयार करण्याची पद्धत शोधण्यात आली. आयबीएममधील रिच श्वर्टफेगर यांनी डिसेंबर १९९१ च्या ‘बाइट’ मासिकात तिचे विवेचन केले. मॅकिंटॉशसाठी आउटस्पोकन हा स्क्रीन रीडर १९८९ मध्येच आला होता. विंडोजसाठीचा जॉज १९९५ च्या आरंभी आला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी ही यंत्रणा दिली. तिच्यामुळे आज्ञावली स्वतःहून ‘हे बटण आहे, त्याचे नाव हे, ते आता दाबलेले आहे’ असे सांगू शकू लागली.

सांगू शकू लागली खरी, पण सांगावयास हवे हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनात असणे आवश्यक होते. ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलींत अडचण नेमकी येथेच होती. त्यांतील तरंगाकृती, पातळीचे काटे, गोल फिरणाऱ्या खुंट्या या सर्व गोष्टी आज्ञावली स्वतः रंगवीत असे. स्क्रीन रीडरच्या लेखी ती एक कोरी चौकट असे. अशा ठिकाणी वापरकर्त्यांनी स्वतःच मार्ग काढले. जॉजमध्ये विशिष्ट आज्ञावलीसाठी स्वतंत्र सूचना लिहिण्याची सोय होती. तिचा उपयोग करून साउंड फोर्जसारख्या आज्ञावलींसाठी सूचनासंच तयार झाले. संगीतरचनेच्या केकवॉक या आज्ञावलीसाठी डान्सिंग डॉट्स या अमेरिकी संस्थेने केकटॉकिंग हा असाच संच तयार केला. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे १८५८ पासून चालत आलेल्या अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेने तर बोलक्या पुस्तकांच्या मुद्रणासाठी स्टुडिओ रेकॉर्डर ही स्वतंत्र आज्ञावलीच बनविली.

हे मार्ग किती नाजूक होते, ते मॅकिंटॉशच्या इतिहासावरून दिसते. आउटस्पोकनच्या आधारे काही दृष्टिहीन ध्वनिमुद्रक प्रो टूल्सवर व्यावसायिक काम करीत होते. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स ही नवी कार्यप्रणाली आली. आउटस्पोकन तिच्यावर कधीच आले नाही. ॲपलचा स्वतःचा व्हॉइसओव्हर २००५ मध्ये दाखल झाला, परंतु स्क्रीन रीडर असणे वेगळे आणि प्रो टूल्सने त्याच्याशी बोलणे वेगळे. ते घडवून आणण्यासाठी वापरकर्त्यांना दीर्घकाळ मागणी लावून धरावी लागली आणि सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या. मधल्या काळात ज्याला काम टिकवायचे होते, त्याने जुना संगणक व जुनी प्रणाली जपून ठेवावी, एवढाच पर्याय होता. इतरांच्या दृष्टीने जी केवळ नवी आवृत्ती होती, ती अशा ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने उपजीविकेचा प्रश्न होती.

कळफलकावरचे संपादन

ऑडॅसिटी या आज्ञावलीचा आरंभ १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांच्या हातून झाला. ती मे २००० मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती मोफत असल्याने आणि तिची मूळ संहिता कोणालाही पाहता-बदलता येत असल्याने, तिच्यातील स्वतः रंगविलेल्या ध्वनिपट्ट्यांना पुढे स्क्रीन रीडरशी बोलण्याची क्षमता जोडली गेली. भारतासारख्या देशातील दृष्टिहीनांच्या प्रशिक्षणात तिचे महत्त्व या दोन कारणांमुळे आहे.

तिच्यातील संपादनाची रीत पाहिली असता जुन्या रिळांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. स्पेसची कळ दाबली की ध्वनी सुरू होतो, पुन्हा दाबली की थांबतो. ध्वनी वाजत असताना नको असलेल्या भागाच्या आरंभी डावा चौकटी कंस आणि शेवटी उजवा चौकटी कंस दाबावा. तेवढा भाग निवडला जातो. हे फीत चिमटीत पकडण्यासारखेच आहे. कानाने जागा ओळखताच बोटाने ती धरायची. बोटाला होणारा क्षणाचा उशीर नंतर दुरुस्त करता येतो. शिफ्टसह डावी-उजवी बाणकळ निवडीची कड थोडी वाढविते. कंट्रोल व शिफ्ट एकत्र धरल्यास ती आकुंचन पावते. मग ‘सी’ ही कळ दाबल्यास निवडलेला भाग वगळून आधीचा व नंतरचा ध्वनी जोडून ऐकविला जातो, म्हणजे कापण्यापूर्वीच कापल्यानंतर कसे ऐकू येईल ते कळते. ब्लेडच्या काळातील संपादकाला ही सोय स्वप्नवत वाटली असती. ‘झेड’ ही कळ निवडीच्या कडा तरंग शून्य रेषेला छेदतो अशा बिंदूंवर नेऊन बसविते, त्यामुळे जोडाच्या जागी ‘टक्’ असा आवाज येत नाही. फितीवरचा तिरपा छेद हेच काम करीत असे. अखेरीस डिलीट, आणि चुकल्यास कंट्रोल-झेड.

येथे एक विसंगती ध्यानात येते. थांबलेल्या अवस्थेत बाणकळ कर्सरला पडद्यावरील एका ठिपक्याइतके सरकविते. हा ठिपका किती काळाचा, हे पडद्यावर तरंगाकृती किती मोठी करून दाखविली आहे यावर अवलंबून असते. म्हणजे जो पडदा त्या व्यक्तीला दिसत नाही, त्याच्या आकारमानाचे भान तिला ठेवावे लागते. नेमक्या कामासाठी ती प्रथम आकृती मोठी करते, ती पाहण्यासाठी नव्हे तर पाऊल लहान व्हावे म्हणून. दृष्टीसाठी केलेल्या रचनेचे असे अवशेष कळफलकाच्या सर्व मार्गांत सापडतात. त्यावर उतारा म्हणजे काळ थेट अंकांत लिहिणे. निवडीच्या आरंभाचे व शेवटाचे तास, मिनिटे, सेकंद व त्यांचे अंश या आज्ञावलीत टंकित करता येतात आणि स्क्रीन रीडर ते वाचून दाखवितो. बोटांनी मोजता येणारा सेंटिमीटर येथे पुन्हा अंकांच्या रूपाने हाती येतो.

कळांच्या अशा मार्गाला ‘शॉर्टकट’ म्हणणे डोळस वापरकर्त्याच्या दृष्टीने योग्य आहे. त्याच्यासाठी तो माउसच्या लांब वाटेला पर्याय असतो. दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी ती आडवाट नसून एकमेव हमरस्ता असतो. नव्या आवृत्तीत एखादी कळ बदलली तर पहिल्याची थोडी गैरसोय होते, दुसऱ्याचा रस्ता बंद होतो.

दोन आवाज, एक कान

स्क्रीन रीडरने अंध लेखकाला वा हिशेबनिसाला जे दिले, ते ध्वनिसंपादकाला जसेच्या तसे देता आले नाही, कारण येथे सांगणारा आणि सांगण्याचा विषय दोघेही आवाजच आहेत. मजकूर लिहिताना स्क्रीन रीडर सतत बोलला तर बिघडत नाही. संपादनात मात्र शब्दाची कड ऐकत असतानाच तो ‘निवड सुरू’ असे बोलला, तर नेमकी ती कडच झाकली जाते. मुद्रण चालू असताना तो बोलला आणि तो ध्वनी ध्वनिक्षेपकातून मायक्रोफोनमध्ये शिरला, तर मुद्रणच खराब होते. त्यामुळे कर्णश्राव्यक म्हणजे हेडफोन वापरणे, संगणकाला दोन ध्वनिकार्डे जोडून एकावर स्क्रीन रीडर व दुसऱ्यावर काम ठेवणे, किंवा एका कानात एक आवाज व दुसऱ्या कानात दुसरा घेणे अशा पद्धती रूढ झाल्या. स्क्रीन रीडर बोलताना इतर ध्वनी आपोआप मंद करण्याची सोय एनव्हीडीएमध्ये २०१६ साली आली. सर्वसाधारण वापरात ती स्वागतार्ह आहे. ध्वनिसंपादकाला मात्र ती बंदच ठेवावी लागते, कारण ज्याची पातळी जोखायची तोच ध्वनी तिच्यामुळे बदललेला ऐकू येतो.

हा प्रश्न अधिक मुळातून हाताळला गेला तो ऑस्ट्रेलियात. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. पुढे जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन सहकारी त्यात सामील झाला. जॉजची किंमत त्या काळी सुमारे हजार अमेरिकी डॉलर होती, हे लक्षात घेता या प्रयत्नाचे मोल भारतीय विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. टेह याने पुढे रीपर या ध्वनिसंपादन आज्ञावलीसाठी ओसारा हे मोफत जोडसाधन तयार केले. कर्सर कोणत्या पट्टीवर आहे, तिचे नाव काय, तुकडा कोठे सुरू होतो, हे ते अगदी मोजक्या शब्दांत सांगते. पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास तशी सूचना देण्याची सोयही त्यात आहे. डोळस संपादक पातळीच्या काट्याकडे अधूनमधून नजर टाकतो, त्या नजरेला हा पर्याय आहे. किती बोलावे यापेक्षा केव्हा गप्प राहावे हे ज्याला कळते, तेच साधन ध्वनिसंपादकाच्या उपयोगाचे असते. ही जाण वापरणाऱ्यानेच साधन घडविल्यामुळे आली, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मराठीचा संदर्भ

मराठीत या विषयाचा विचार करताना लिपीचा प्रश्न प्रथम समोर येतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी टंकन व मुद्रण इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविणाऱ्या फाँटमध्ये होत राहिले. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसे. स्क्रीन रीडरला तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा गुंता ऐकू येई. परिणामी संगणक आल्यानंतरही मराठी अंध वाचकाला आधार होता तो ब्रेलचा आणि माणसाच्या आवाजात मुद्रित केलेल्या पुस्तकाचाच. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे बोलक्या पुस्तकांचे कार्य आणि मुंबईच्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेले दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र यांचा उल्लेख या संदर्भात आवश्यक आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी या आंतरराष्ट्रीय संघाच्या प्रमाणामुळे मुद्रित पुस्तकात प्रकरण, पान व परिच्छेद यांवर थेट जाता येऊ लागले. कॅसेटवरील ‘टीप्’ या सुराचे ते प्रगत रूप होय.

कायद्याची अडचणही होती. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी सुगम स्वरूपातील प्रत तयार करण्यास, ठरावीक अटींवर, परवानगीची गरज उरली नाही. २०१३ मधील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. तोवर एखाद्या विद्यार्थ्याने क्रमिक पुस्तक मित्राकडून वाचून घेऊन मुद्रित केले, तर त्या प्रतीचे कायदेशीर स्थान संदिग्धच असे.

मराठी वाचनाचे संपादन करताना भाषेचे ध्वनिशास्त्र प्रत्यक्ष कामाला येते. ‘तो परत आला’ या वाक्यात ‘प’ उच्चारण्यापूर्वी ओठ मिटतात आणि क्षणभर पूर्ण शांतता असते. तेथे छेद घेतल्यास जोड ऐकू येत नाही. क, ट, त, प या अघोष स्पर्शांपूर्वी अशी फट हमखास सापडते. ‘राम आला’ यात मात्र ‘म’चा अनुनासिक ध्वनी थेट ‘आ’मध्ये मिसळतो, तेथे फट नसते आणि कापल्यास शब्द तुटल्यासारखा वाटतो. अशा वेळी अनुभवी संपादक वाक्य मागे नेऊन एखाद्या स्पर्शापाशी कापतो आणि वाचकाने पुन्हा वाचलेले वाक्यही तेथूनच घेतो. वाचकाचा श्वास कापायचा की ठेवायचा, हाही असाच प्रश्न आहे. सर्व श्वास काढले तर वाचन यंत्राचे वाटते. अर्धा कापलेला श्वास तर सर्वांत अधिक खटकतो. यांपैकी काहीही पाहून ठरत नाही. या कामात दृष्टिहीन संपादक डोळस संपादकाच्या मागे नसतो. संथ पाठाच्या पुस्तकांत तो अनेकदा पुढेच असतो, कारण बोलके पुस्तक तासन्तास ऐकणारा श्रोता कोठे अडतो हे त्याला स्वतःवरून माहीत असते.

चुकांच्या जागी खुणा करण्याचे काम मात्र लिपीशी निगडित आहे. ऑडॅसिटीमध्ये ध्वनी वाजत असताना कंट्रोल-एम दाबल्यास त्या क्षणी लेबल पडते आणि त्यात टीप लिहिता येते. ‘पान ४७, ओळ पुन्हा वाचणे’ अशी टीप देवनागरीत लिहिली आणि स्क्रीन रीडरला केवळ इंग्रजी वाचा असली, तर तो त्या लेबलापाशी गप्प राहतो वा भलतेच काही उच्चारतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचासंश्लेषकात मराठीचा समावेश झाल्यानंतर ही अडचण दूर झाली. त्याचा आवाज यांत्रिक आहे, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दंततालव्य उच्चार तो सर्वत्र नीट करीलच असे नाही. परंतु वाचकाचा मुद्रित आवाज आणि टीप सांगणारा यंत्राचा आवाज इतके भिन्न असतात, की पुस्तक कोणते व टीप कोणती याविषयी संपादकाच्या कानाचा गोंधळ कधी होत नाही.